एकशे चव्वेचाळीस

मॉनिटर मिरजेतून आणला, तौफिक मुजावरकडून.
जुना, पण काचेवर एक ओरखडा नाही.
खोक्यावर ठळक: एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ.
कोल्ड स्टोरेजच्या काट्यावर
बेदाण्याचे बॉक्स तोलत साठवलेले पाच पगार
एसटीत मांडीवर घेऊन बसलो तासगावपर्यंत,
खड्डा आला की दोन्ही हात खाली.

आठ महिने खेळलो त्याच्यावर.
कोपऱ्यातला हिरवा आकडा सांगायचा
एकशे तीस, एकशे एक्केचाळीस,
कार्ड सेकंदाला एवढी चित्रं रंगवतंय,
आणि मी त्या आकड्याकडं बघत
मारायचो कमी, मरायचो जास्त.
पोरांना मात्र सांगायचो, लोणी आहे रे, लोणी.

मंदाआत्या ग्रेडिंगला जाते.
पट्ट्यावरून हिरवा बेदाणा वाहतो
आणि तिनं त्यातला काळा, देठाचा, फुटका
उचलायचा, पट्टा न थांबवता.
एकवीस वर्षं.
रात्री नुसती बसली तरी
समोरची भिंत थोडी सरकते, म्हणते.

त्या रात्री चहाचा कप घेऊन मागं उभी राहिली.
मी वळलो, गेममधला मी, बंदुकीसकट, झटक्यात.
"तुटला की रं."
कोण?
"त्यो. खांबापाशी. कंबरेत तुटला.
खालचा निम्मा फुडं गेला, वरचा हितंच ऱ्हायला."

मला काही दिसलं नव्हतं.
पुन्हा वळलो. पुन्हा.
मग दिसली आडवी फट, केसाएवढी,
वर मघाचा माणूस, खाली आत्ताचा,
आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

सेटिंगमध्ये शिरलो. आत, त्याच्याही आत,
एक यादी उघडली, आणि तिच्यात निवडलेलं
साठ.

आठ महिने साठ.
कार्ड ओतत होतं एकशे चाळीस
आणि पडदा साठदाच मान वर करत होता.
किती चित्रं रंगवून झाली,
उन्हाची, गवताची, माझ्याच मरणाची,
आणि कुणी न बघता गेली;
काहींची नुसती एक पट्टी दिसली
दुसऱ्याच्या अंगाला चिकटवलेली.

आत्याला समजावायला लागलो, तिनं मध्येच तोडलं.
"व्हय की. मुकादम पट्टा वाढवतोय.
माल लई जातोय, निवडून तेवढाच हुतोय.
मग व्यापारी वराडतोय, काळा का आला."

म्हटलं, एक इलाज आहे, कार्डालाच थांबवायचं.
पडदा मान वर करेपर्यंत
पुढचं चित्र पुढ्यात टाकायचंच नाही.
फट जाते. पण बोट दाबल्यावर
गोळी एक विचार करून सुटते.
"थांबतोय कुठला मुकादम," ती म्हणाली आणि हसली.

मी यादीतला शेवटचा आकडा दाबला.
पडदा काळा. मग प्रश्न: हेच ठेवायचं का?
पंधरा सेकंद. चौदा. तेरा.
ठेव.

गेम नाही उघडला लगेच.
नुसता बाण फिरवला, या कडेपासून त्या कडेला,
एखाद्या खुळ्यासारखा, दहा मिनिटं.
आठ महिने तो ठिपक्या ठिपक्यानं उड्या मारत होता
आणि मी त्याला चालणं समजत होतो.

मग मोठा नकाशा आला. धूर, पाणी, शंभर माणसं.
हिरवा आकडा घसरत घसरत सत्तरवर.
आता पडदा वरचेवर मान वर करतोय
आणि पुढ्यात तेच चित्र. अजून तेच.
आता नवीन कार्ड, म्हणजे अजून सात पगार.

आत्यानं कप विसळला. पाठमोरीच म्हणाली,
"आमच्यातबी कॅमेरा येनार हाय दिवाळीनंतर.
दाना बगतंय आन् खराब आसंल तर
वाऱ्यानं फुकून बाजूला टाकतंय म्हनं.
त्ये किती येळा बगत आसंल रं, सेकंदाला?"

मशीनचं पत्रक माझ्याच टेबलावर आलं होतं.
आकडा पाठ आहे, हजारांत आहे.

असंल, म्हटलं, साठेक.